टेनरचा सूर आणि वाडीचा तुकडा

पत्र थोडक्यात असं आहे:

“ताई, मी वसईचा. वय 23. बी.कॉम. झालोय, दीड वर्षापासून एका सहकारी बँकेत कॅश काउंटरला आहे. लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये गातो. शाळेत असताना चार वर्षं शास्त्रीय गायन शिकलो, दोन वर्षांपासून दर शनिवारी बांद्र्याला पाश्चात्त्य गायन शिकायला जातो. सर म्हणतात तू टेनर (पुरुषाचा उंच आवाज) आहेस. एका कार्यशाळेत आलेल्या पाहुण्या बाईंनी मात्र बॅरिटोन (त्याहून खालचा, मधला आवाज) सांगितलं. वर पांढरी पाचला (पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी) गेलो की आवाज फाटतो. मला ऑपेरातच करिअर करायचंय. युरोपात दहा दिवसांची एक ‘ऑडिशन टूर’ आहे, सगळा खर्च धरून साडेसात लाख. बाबा वाडीचा एक तुकडा विकायला तयार आहेत, आई नको म्हणते. नोकरी सोडू का? 23 म्हणजे उशीर झाला का? दोन रेकॉर्डिंग पाठवतोय. एक ‘नेस्सुन दोर्मा’ (पुच्चीनीच्या ऑपेरातलं टेनरचं गाणं), दुसरं आमच्या चर्चमधलं एक भक्तिगीत.”

आधी आईची बाजू घेते. वाडी विकू नका. तुकडा नाही आणि गहाणही नाही. पत्रावरून वाटतं की गिऱ्हाईकही बघून झालंय, म्हणून हे आधी घरात सांगून ये. मग बाकीचं वाच. तुझ्या आवाजाबद्दल मला बरंच चांगलं सांगायचंय, पण त्यातलं काहीही वाडी विकण्याचं कारण होऊ शकत नाही.

या सदराच्या नव्या वाचकांसाठी एक ओळ माझ्याबद्दल. मी अकरा वर्षं जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या ऑपेरागृहात पियानोवर गायकांच्या तालमी घेत होते. मी गायिका नाही. पण गायकाच्या हाताच्या अंतरावर बसून, सकाळी नऊपासून, एकेक सूर बसताना आणि बिघडताना ऐकणं हेच माझं काम होतं.

तुझं ‘नेस्सुन दोर्मा’ मी एकदा ऐकलं. भक्तिगीत चारदा ऐकलं. कारण दुसऱ्या कडव्याला ऑर्गन वाजवणाऱ्यांनी पट्टी अर्ध्या सुराने चढवलीय, लक्षात आहे का तुझ्या? त्यामुळे त्या कडव्यातला सगळ्यात वरचा सूर पांढरी पाचवर आलाय. तू तिथे गेलास, क्षणभर थांबलास आणि उतरलास. आवाज फाटला नाही. मागे बाकावर कुणीतरी खोकतंय, पंख्याचा आवाज येतोय, आणि त्या सगळ्यातून तो सूर सरळ माझ्यापर्यंत आला. बहुधा तू तिथे गेलास हे तुलाही कळलं नसावं. ‘नेस्सुन दोर्मा’मध्ये मात्र तोच सूर येण्याआधी दोन ओळी तू तयारीला लागलास. श्वास खांद्यात घेतलास, ‘आ’ पसरट केलास आणि खालून जोर लावलास. तिथे तो फाटला. म्हणजे तुझ्या गळ्यात तो सूर नाही असं नाही. तू त्याच्याशी कसा वागतोस हा प्रश्न आहे, आणि वागणं शिकता येतं. त्याला वर्षं लागतात, एवढंच.

आता टेनर की बॅरिटोन. दोघांचं मत वेगळं पडलं म्हणून तू हादरलायस, पण या वयात असं होणं अगदी नेहमीचं आहे. कार्लो बेर्गोंझी हे इटालियन रचनाकार व्हेर्दीच्या संगीतातले विसाव्या शतकातले मोठे टेनर. त्यांनी पार्मात बॅरिटोन म्हणून शिक्षण घेतलं आणि 1948 मध्ये बॅरिटोन म्हणूनच रंगमंचावर पाऊल ठेवलं. तीन वर्षं तसं गायले. मग आपला आवाज वेगळा आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि 1951 मध्ये बारी शहरात ‘आंद्रेआ शेनिए’ गाऊन त्यांनी टेनर म्हणून नव्याने पदार्पण केलं. दुसरे नामवंत टेनर प्लासिदो दोमिंगो 1959 मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय ऑपेरात आवाजाची चाचणी द्यायला गेले ते बॅरिटोनच्या चीजा घेऊन. ऐकणाऱ्यांनी सांगितलं, तू टेनर आहेस.

आवाजाची जात फक्त किती वर जातो यावरून ठरत नाही. आवाजाचा रंग कसा आहे, कुठल्या सुरांवर तो न थकता राहू शकतो आणि सांधा कुठे आहे, हे तिन्ही बघावं लागतं. छातीतल्या भरीव आवाजातून वरच्या आवाजात जाताना एक जागा येते, तिथे गळ्याला आपली ठेवण बदलावी लागते. इटालियनमध्ये तिला ‘पास्साज्जो’ म्हणतात. बॅरिटोनला ही अडचण साधारण पियानोच्या मधल्या पांढरी तीनच्या आसपास येते, टेनरला काळी तीन ते पांढरी पाचच्या दरम्यान. तुझा आवाज पांढरी पाचला फाटतो, आणि पांढरी तीनवरून तू बोलल्यासारखा सहज जातोस. माझा कौल टेनरकडे आहे. पण फोनवरच्या दोन रेकॉर्डिंगवरून मी शिक्का मारणार नाही आणि तूही मारून घेऊ नकोस. पुढची दोन वर्षं मधलं सप्तक नीट केलंस तर आवाज स्वतःच सांगेल.

शास्त्रीय गायनाचा उपयोग होईल का, असं तू पत्राच्या शेवटी घाईघाईत विचारलंयस. मला वाटतं तुझ्या सगळ्या पत्रातला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याकडे पट्टी गायकाची असते. तू काळी दोनमध्ये गायचास असं लिहिलंयस. गळा उतरलेला असेल तर गुरुजींनी काळी एक धरली असेल, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नसेल. सा तुझा. ऑपेरात पट्टी रचनेची असते. पुच्चीनीने जो सूर लिहिला तोच साठ-सत्तर वादक खाली खड्ड्यात बसून वाजवणार, आणि तुला तिथे पोचायचंय, आज गळा कसाही असो. आता हिशेब कर. काळी दोनचा सा धरलास तर तार गंधार येतो तो नेमका पांढरी पाचवर. म्हणजे ज्या सुराला तू घाबरतोयस तो तू शाळेत असताना, आवाज फुटण्याआधीच नव्हे तर नंतरही, गुरुजींसमोर लावत होतास. फरक हा की तार गंधाराला आपण जातो, त्याला स्पर्श करतो, त्याभोवती फिरतो आणि उतरतो. टेनरला तिथे उभं राहायचं असतं, माइक नसताना, शब्द उच्चारत, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असं.

ते ऐकू कसं जातं? जोर लावून नाही. मुरलेल्या गायकाच्या आवाजात दर सेकंदाला साधारण 3000 कंपनांच्या पट्ट्यात एक धार येते, आणि वाद्यवृंदाचा जोर नेमका त्या पट्ट्यात कमी पडतो. मिरवणुकीत ढोल कितीही असले तरी झांज वेगळी ऐकू येते ना, तसंच. ही धार घसा आवळून आली तर आवाज वर्षभरात जातो. स्वरयंत्र खाली सैल राहून आली तर तीस-चाळीस वर्षं टिकते.

आणि इथे शास्त्रीयची एक सवय तुला आड येतेय. आपला आकार, म्हणजे ‘आ’, खालपासून वरपर्यंत तोच उघडा ठेवायला शिकवतात. पास्साज्जोमध्ये तो तसा ठेवता येत नाही. ‘आ’ला किंचित ‘ऑ’कडे वळवावं लागतं, ऐकणाऱ्याला ‘आ’च ऐकू येईल इतकंच. तुझ्या भक्तिगीतात त्या वरच्या सुरावर जो शब्द आहे त्यात ‘ओ’ आहे. म्हणून ते काम आपसूक झालं. ‘नेस्सुन दोर्मा’त तू तो पसरट आकार तसाच वर ओढत नेलास.

आमच्याकडे एक तरुण टेनर होता, तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. पांढरी चारपर्यंत मधासारखा आवाज, मग हनुवटी वर जायची, मानेची शीर दोरीसारखी दिसायची आणि आवाज घशात अडकायचा. कित्येक सकाळी मी त्याच्यासाठी तीच पाच सुरांची सरगम अर्ध्या-अर्ध्या सुराने चढवत वाजवली. त्याच्या शिक्षकांनी एकदा त्याला खिडकीपाशी नेलं, खिडकी उघडली आणि सांगितलं, खालच्या अंगणात सायकल लावणाऱ्याला हाक मार, गाऊ नकोस. त्याने ‘ओ’ म्हणून हाक मारली. मी पियानोवर तो सूर शोधला. काळी चार होती, म्हणजे त्याला नडणाऱ्या सुराच्याही वर. खोलीत आम्ही तिघंही गप्प झालो. पुढे सात-आठ महिने तो ती हाक गाण्यात आणायला झटत होता. वरचा सूर अंगात होताच, त्याच्याकडे जायची वाट मात्र रोज चालून पायाखाली घालावी लागली.

तू तर वाडीवर वाढलायस. या टोकावरून त्या टोकाला विहिरीपाशी असलेल्या माणसाला हाक कशी मारतात हे तुला कुणी शिकवायला नको. ओरडायचं नाही, हाक मारायची. ती पोटातून आणि पाठीतून येते, घसा मोकळा राहतो. दिवसातून पाच-सहा वेळा, त्याहून जास्त नाही. आणि ही गोष्ट तुझ्या सरांना सांगूनच कर, कारण ती चुकीची होतेय का हे ऐकायला मी तिथे नाही.

आता उशिराचं. 23 म्हणजे उशीर नाही. व्हायोलिन असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. आवाज हे शरीरासोबत वाढणारं वाद्य आहे आणि पुरुषाचा आवाज विशीच्या शेवटापर्यंत मुरत असतो. मोठ्या, भारी भूमिकांचा तर त्याच्याही पुढे.

विख्यात टेनर लुचानो पावारोत्तींचं उदाहरण सगळे देतात, पण त्यांचं यश सांगतात. मला त्यांची आधीची वर्षं सांगायचीयत. जन्म 1935, इटलीतलं मोदेना. वडील बेकरीत काम करायचे आणि स्वतः हौशी टेनर होते, आई सिगार कारखान्यात कामाला होती. बापलेक दोघं गावच्या कॉयरमध्ये गायचे, आणि त्या कॉयरने 1955 मध्ये वेल्समधल्या ल्हानगॉल्हेनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. तुझ्यासारखाच कॉयरमधला मुलगा. पद्धतशीर शिक्षण सुरू झालं 19व्या वर्षी, मोदेनातले व्यावसायिक टेनर आरिगो पोला यांच्याकडे. घरची परिस्थिती ओळखून त्यांनी फी घेतली नाही. पुढे मांतुआमध्ये एत्तोरे काम्पोगाल्यानी यांच्याकडे. या काळात पोटासाठी आधी प्राथमिक शाळेत शिकवलं, मग विमा विकला. पहिल्या सहा वर्षांच्या मेहनतीतून हाताला काय लागलं, तर लहान गावांतल्या मोजक्या मैफली, त्याही बिनपैशाच्या. त्यात स्वरतंतूवर गाठ आली, फेर्रारातली एक मैफल पार फसली, आणि त्यांनी गाणं सोडायचं ठरवलं. गाठ पुढे नाहीशी झाली. 29 एप्रिल 1961 ला, रेज्जो एमिलियात, एका स्पर्धेच्या बक्षिसातून मिळालेल्या ‘ला बोहेम’मधल्या रोदोल्फोच्या भूमिकेत ते पहिल्यांदा ऑपेराच्या रंगमंचावर उभे राहिले. वय 25. आणि त्यानंतरही शिकणं संपलं नव्हतं. 1965 मध्ये नामवंत गायिका जोन सदरलँड यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना, श्वासाचा आधार कसा घेतात हे कळावं म्हणून ते त्यांच्या बरगड्यांखाली हात लावून बघायचे. तिशीला टेकलेला, मिलानचं ला स्काला ऑपेरागृह आणि लंडन गाजवून आलेला माणूस श्वास कसा घ्यायचा ते शिकत होता.

आणि ‘नेस्सुन दोर्मा’? ज्या ‘तुरांदोत’मधलं ते आहे, तो ऑपेरा त्यांनी 1972 मध्ये स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला, आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांच्या संचालनाखाली. पण रंगमंचावर ते गाणं गाणाऱ्या नायकाची भूमिका त्यांनी पहिल्यांदा केली 1977 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला. चाळिशी उलटल्यावर. तू ते 23व्या वर्षी मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून पाठवलंयस.

ते गाणं बंद कर. रागावून सांगत नाही, कळवळून सांगतेय. त्यात शेवटी पांढरी सात आहे म्हणून नव्हे. ती एक वेळ लागेलही. पण तिथवर पोचेपर्यंत ते गाणं तुझ्या नेमक्या सांध्यावर रेंगाळतं आणि मागे पूर्ण वाद्यवृंद उसळत असतो. ज्या जागी तू अजून उभं राहायला शिकतोयस तिथे ते तुला वजन उचलायला लावतं. सर तुला ते गायला देत असतील तर त्यांना नम्रपणे कारण विचार. स्वतःहून गात असशील तर आजपासून नको.

त्याऐवजी जुनी इटालियन गाणी घे. ‘कारो मिओ बेन’, काच्चीनीचं ‘आमारिल्ली’. दिसायला साधी, पण एका श्वासात ओळ नेताना घाम फुटतो. बेल्लीनीची छोटी गाणी. शुबर्टची दोन-तीन. ख्रिसमसच्या आधी मुंबईत हांडेलचं ‘मेसाया’, कॉयर आणि वाद्यवृंदाची ती मोठी धार्मिक रचना, कुणी ना कुणी बसवतंच. त्यातला टेनरचा पहिला भाग, ‘कम्फर्ट यी’, तुझ्या आवाजाला बेतून शिवल्यासारखा आहे. वर्ष-दीड वर्षाने मोत्सार्टच्या ऑपेरांतल्या ओत्ताव्यो किंवा तामिनो या टेनर पात्रांची गाणी, आणि दोनिझेत्तीचं ‘ऊना फुर्तीवा लाग्रिमा’. एवढ्या शिदोरीवर कुठल्याही महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा देता येते.

भाषेच्या बाबतीत तू नशीबवान आहेस, हे कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. इटालियन त आणि द हे आपल्या त-द सारखेच दातांवर येतात. इंग्रजीत वाढलेल्या गायकांना ते शिकायला महिने जातात. इटालियन जोडाक्षरं आपल्या ‘पक्का’, ‘सत्ता’सारखी ठोस उच्चारायची असतात. आणि जर्मन ‘झेड’ म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च, ‘चहा’मधला नव्हे. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये ‘नेस्सुन’चा जोड ‘स’ मोकळा सुटलाय, तो मराठी माणसाने सोडायला नको होता.

आता ती ‘ऑडिशन टूर’. तू पाठवलेलं माहितीपत्रक मी नीट वाचलं. दहा दिवस, चार शहरं, ‘ऑपेरागृहांच्या प्रतिनिधींसमोर गाण्याची संधी’. कुठल्या ऑपेरागृहाचं नाव नाही, प्रतिनिधी कोण त्यांचंही नाव नाही. अशा एका आठवड्यात मी स्वतः पियानो वाजवलाय, पैशांची गरज होती तेव्हा. कुठे आणि कुणाच्या, ते महत्त्वाचं नाही. दोन दिवसांत तीसेक मुलं गायली, कोरियाची, मेक्सिकोची, एक केरळची मुलगी. समोर बसलेल्या तिघांपैकी एकाकडेही कुणाला काम देण्याचा अधिकार नव्हता. केरळच्या मुलीने चहाच्या वेळी मला विचारलं की निकाल कधी कळेल. मला तिला खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, ते कळवतील. हे मला अजून खुपतं, आणि तुला इतकं स्पष्ट लिहितेय त्याचं तेही एक कारण आहे.

काम देणारे लोक ऐकायचे पैसे घेत नाहीत. स्पर्धांना आणि प्रवेश परीक्षांना थोडं अर्जशुल्क असतं, ते ठीक. लाखांचा आकडा दिसला की मागे फिर. गायकाच्या उमेदीवर पोट भरणं नवं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे विख्यात टेनर कारुझो यांच्या पहिल्या शिक्षकाने त्यांच्याकडून करार लिहून घेतला होता, की प्रत्यक्ष गाण्याच्या पाच वर्षांच्या कमाईतले 25 टक्के शिक्षकाचे. पाच वर्षं म्हणजे कॅलेंडरची नव्हे, तर गायलेले दिवस एकेक करून मोजायचे. अशा हिशेबाने तो करार कित्येक वर्षं संपला नसता. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. तू कुठलाही कागद सही करण्याआधी वकिलाला दाखव. तुझ्या बँकेत तरी एखादा ओळखीचा असेलच.

नोकरी सोडू नकोस. आत्ता नाही. फक्त काउंटरवरून आतल्या टेबलावर बदली मागून बघ. काचेपलीकडच्या माणसाशी दिवसभर चढ्या आवाजात बोलून संध्याकाळी गायला बसणं हे दमलेल्या बैलाला पुन्हा औताला जुंपण्यासारखं आहे. लोकलमध्ये गाणं गुणगुणण्याची सवय असेल तर तीही सोड. गाडीच्या आवाजावर आपण नकळत जोर लावतो. रियाज वीस-वीस मिनिटांचा, दिवसातून दोनदा. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होऊ नकोस, आम्लपित्त थेट स्वरतंतूंपर्यंत येतं. आणि दोन-तीन आठवडे आवाज बसलेला राहिला तर काढे पीत बसू नकोस, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने स्वरतंतू बघून घे.

महिन्यातून एक शनिवार आणखी एका शिक्षकाला आवाज दाखव. मुंबईत पूर्वीपेक्षा दारं बरीच उघडलीयत. मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकलेल्या सोप्रानो (स्त्रीचा उंच आवाज) पॅट्रिशिया रोझारियो यांनी इथल्या तरुण गायकांना शिकवण्याचं काम 2009 च्या सुमारास सुरू केलं. 2016 मध्ये गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस पुन्हा उघडलं तेव्हा तिथे त्याच गायल्या. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या सिंफनी ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम ऐकायला जा, मागच्या स्वस्त जागेवर बस, आणि गायकाचा आवाज तिथवर कसा पोचतो ते डोळे मिटून ऐक. हेडफोनमधून हे कधीच कळणार नाही.

दोन वर्षांनी, मधलं सप्तक भरलं आणि पांढरी पाच रोजच्या चालीतली झाली, की बाहेर जाण्याचा विचार कर. तेव्हाही आधी जर्मनी. लंडनच्या महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला 25 हजार पौंडांच्या पुढे जाते, आणि प्रवेशाचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच भरायचे असतात. शिष्यवृत्ती मिळाली तरच तो रस्ता. जर्मनीत बहुतेक राज्यांतल्या सरकारी संगीत महाविद्यालयांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गसारखं राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याकडून सत्राला 1500 युरो घेतं. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे साधारण 12 हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. ते मात्र तुझेच असतात, दर महिन्याला तुलाच परत मिळतात. त्यासाठी आजपासून पगारातून बाजूला टाकायला लाग. प्रवेशाला पाठ केलेल्या चीजा, कानाची परीक्षा आणि थोडा पियानो लागतो, शिवाय जर्मन भाषा. वयाच्या अटी महाविद्यालयागणिक वेगळ्या आहेत, काही ठिकाणी पंचविशीच्या आत अर्ज करावा लागतो. तेवढं आत्ताच बघून ठेव, कारण तुझी दोन वर्षं नेमकी त्या उंबरठ्यावर संपतात. जर्मन शिकायला मात्र दोन वर्षं थांबू नकोस. या महिन्यात वर्ग लाव.

जर्मनीच का, तर तिथे सरकारी अनुदानावर चालणारी सुमारे ऐंशी ऑपेरागृहं आहेत, आणि त्यांतली कित्येक गायकांना महिन्याच्या पगारावर ठेवतात. आज छोटी भूमिका, उद्या मधली, परवा सकाळी मुलांसाठी प्रयोग. गायक असा घडतो. दोमिंगोंनी 1962 पासून अडीच वर्षं तेल अवीवच्या ऑपेरात काढली आणि तिथे जवळपास 280 प्रयोग केले. कामगाराच्या पगारात, पण कामगारासारखं रोज. तुला एकल भूमिका मिळाल्या नाहीत आणि कोरसमध्ये कायमची जागा मिळाली, तर तीही सन्मानाची नोकरी आहे. मी ज्या घरात होते तिथे कोरसमधले काही टेनर असे गायचे की तालमीत माझा हात थांबायचा. बाबांना हे आधीच सांगून ठेव. ‘पोरगा पावारोत्ती होणार’ एवढंच ऐकून ते वाडी विकायला निघाले असतील, तर त्यांच्यावर आणि तुझ्यावरही तो अन्याय आहे. ‘पोरगा दहा वर्षांनी एका ऑपेरागृहात पगारावर गाणारा असेल’ असं सांग, आणि मग त्यांना काय वाटतं ते विचार. मला वाटतं ते तरीही हो म्हणतील.

सहा महिन्यांनी मला पुन्हा दोन रेकॉर्डिंग पाठव. एक ‘कारो मिओ बेन’, आणि दुसरं तेच भक्तिगीत, तिथेच, त्याच ऑर्गनवर. वाजवणाऱ्यांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांना म्हणावं, दुसऱ्या कडव्याला पट्टी चढवायची ती न सांगता चढवा.